पदवीतला तिसरा शब्द

माझ्या पुतणीने एमबीबीएस पूर्ण केलं, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत चांगला क्रमांक काढला आणि एम.डी.साठी त्वचारोग ही शाखा घेतली. घरात पेढे वाटले. अभिनंदनाला माणसं येत होती आणि मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. दोन दिवसांत जे कानावर पडलं, त्यानेच हा लेख लिहायला भाग पाडलं.

आमच्या एका नात्यातल्या खाला आल्या. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “गोरा करनेवाली डाक्टरनी होगी ना अब तू? पैले मेरी बहू को देख.” सगळे हसले. सून तिथेच चहाचे कप गोळा करत होती. तीही हसली. तिला हसावंच लागलं.

संध्याकाळी माझा एक जुना कार्यकर्ता मित्र आला. तीस वर्षं आम्ही सभा-संमेलनांत एकत्र फिरलो आहोत. तो बाहेर ओट्यावर मला म्हणाला, “एवढी हुशार पोरगी. आपल्या वस्त्यांत बायकांना बाळंतपणाला डॉक्टर मिळत नाही, मुलं कुपोषित आहेत, आणि ही श्रीमंतांच्या चेहऱ्याला मलमं लावणार? समाजाने शिकवून काय मिळवलं?”

खाला आणि मित्र यांचं एकमेकांशी कधी पटणार नाही. पण दोघांच्या मनातलं त्वचेचं चित्र एकच आहे. त्वचा म्हणजे चेहरा, चेहरा म्हणजे रंग, रंग म्हणजे पैसा. एकीला ते चित्र आवडतं, दुसऱ्याला आवडत नाही, एवढाच फरक. माझं भांडण या दोघांशी आहे. आणि तिसऱ्या एका माणसाशी आहे, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

अर्जातला प्रश्न

एका सामाजिक संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिने भरायला घेतला होता. त्यात प्रश्न होता : ‘ही शाखा आपण का निवडली? तीनशे शब्दांत लिहा.’ माझं मराठी बरं म्हणून तिने मसुदा मला तपासायला दिला. मी वाचला. ‘लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ’, ‘तळागाळातील घटकांपर्यंत’, ‘समाजाचे ऋण’. असे अर्ज मी शेकड्यांनी पाहिलेत. मी तिला म्हटलं, “यातलं एकही वाक्य तुझं नाही. खरं कारण सांग.”

ती चिडली. मग म्हणाली, “खरं सांगू? रात्रीच्या ड्युट्या कमी असतात. छत्तीस छत्तीस तास उभं राहावं लागत नाही. पेशंट मेला म्हणून नातेवाईक कॉलर धरत नाहीत. आणि अम्मीने आत्तापासून रिश्ते बघायला सुरुवात केलीय. सर्जरी घेतली असती तर कुणी विचारलं नसतं. हे लिहू का अर्जात?”

मी म्हटलं, लिहायला हरकत नाही. या कारणांत लाज वाटण्यासारखं काय आहे? डॉक्टरने झोपू नये, जेवू नये, मार खावा आणि वर सेवेची भाषा बोलावी, ही अपेक्षा ज्यांनी कधी रात्रपाळी केली नाही त्यांचीच असते. माझ्या मित्राला मी विचारलं, तुझ्या मुलाने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेतलं तेव्हा समाजाला पूल बांधणारे हवेत असं तू त्याला म्हणालास का? तेव्हा पॅकेज किती ते विचारलंस. मुलगा स्वतःसाठी शिकतो आणि मुलगी समाजासाठी, हा नियम कुणी केला?

त्याचा दुसराही मुद्दा तपासून पाहू. आपल्या वस्त्यांना बायकांसाठी डॉक्टर हवेत, हे शंभर टक्के खरं. पण बाईला शरीर फक्त बाळंतपणापुरतंच असतं का? मांडीवर गजकर्ण पसरलेलं असतं, छातीखाली कातडी सोललेली असते, पाठीवर चट्टा असतो, आणि तो पुरुष डॉक्टरला दाखवायचा नाही म्हणून वर्ष वर्ष ती अंगावर काढते. ‘आमच्या बायकांना लेडी डॉक्टरच पाहिजे’ असं दवाखान्याच्या दारात ठणकावून सांगणारे पुरुष मी पाहिलेत. त्याच पुरुषांनी आपल्या मुलींना दहावीनंतर घरी बसवलेलंही पाहिलंय. लेडी डॉक्टर आभाळातून पडत नाही. ती कुणाच्या तरी घरातून शिकून बाहेर पडावी लागते.

तर ही झाली तिची पहिली कारणं. ती खरी होती, म्हणून मला आवडली. पण ती पुरेशी नव्हती, कारण तेवढ्यासाठी रेडिओलॉजीही घेता आली असती. मी विचारलं, “मग त्वचाच का?” ती जरा थांबली आणि तिने इंटर्नशिपमधली एक गोष्ट सांगितली.

काळी पडलेली बाई

विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ती काही महिने होती. तिथे बावीस-तेवीस वर्षांची एक बाई आली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. भाकरी थापता येत नाही, एवढीच तक्रार. दंडावर आणि पाठीवर फिकट चट्टे होते. पुतणीने कापसाचा बोळा चट्ट्यावर फिरवला. बाईला कळलं नाही. कोपरामागची नस चाचपली, ती दोरीसारखी जाड लागली.

कुष्ठरोग होता. आणि तो नव्याने कळलेला नव्हता. वर्षभरापूर्वीच निदान झालं होतं, गोळ्यांची पाकिटं सुरू झाली होती. बाईने तिसऱ्या महिन्यानंतर गोळ्या बंद केल्या. कारण विचारलं तर ती म्हणाली, “अंग काळं पडायला लागलं. सासू म्हणाली, आणली तेव्हा अशी नव्हती.”

हे काळं पडणं खरं असतं. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात तीन औषधं असतात : रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. यातल्या क्लोफाझिमिनने त्वचेला तांबूस-काळसर झाक येते. औषध संपल्यावर ती हळूहळू उतरते. काही महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. डॉक्टरने हे आधी नीट सांगितलं, घरच्यांनाही सांगितलं, तर माणूस धीर धरतो. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने गोळ्या सोडल्या आणि काळेपणावर औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून चोळत राहिली. जंतू नसेत काम करत राहिले. बोटं वाकली.

पुतणी म्हणाली, “चाचा, त्या बाईचा हात जंतूने नेला हे पुस्तकात आहे. पण निम्मा हात गोरेपणाने नेला. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.”

त्या दिवशी तिने शाखा ठरवली.

निर्मूलन नावाची झोप

इथे वाचक मला थांबवतील. कुष्ठरोग? तो तर संपला ना?

हा गैरसमज आपल्याला एका शब्दाने करून दिला आहे. २००५ च्या अखेरीस भारताने ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून’ कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण. ‘आता एकही नाही’ असा तो अर्थ नव्हता. पण मराठीत निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. आपण ऐकलं आणि झोपलो. आज जगात दरवर्षी जेवढे नवे कुष्ठरुग्ण सापडतात, त्यातले निम्म्याहून जास्त भारतात असतात. वर्षाला सुमारे एक लाख. महाराष्ट्रात विदर्भाच्या पूर्वेकडचे जिल्हे, पालघर, रायगड इथे तो आहेच. आणि जिथे दाटीवाटीने माणसं राहतात, तिथे तो कुणाचा धर्म विचारत नाही.

त्याचे जंतू नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली शोधले. तो पाप नाही, शाप नाही, आनुवंशिक नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवला. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात मुळातच या जंतूला तोंड देण्याची ताकद असते. इतका सोपा उपचार असलेला आणि इतकी भीती असलेला दुसरा आजार मला माहीत नाही.

कायदा किती मागे होता ते पाहा. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा हा आपल्या बायकांच्या हातात आलेला पहिला मोठा हक्क. त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातही नवऱ्याचा कुष्ठरोग हे विवाह तोडण्याचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. हिंदू विवाह कायद्यात होतं, विशेष विवाह कायद्यात होतं, ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातही होतं. या एका बाबतीत सगळ्यांच्या कायद्यांत एकमत होतं! २०१९ मध्ये संसदेने या सगळ्या कायद्यांतून तो शब्द काढला. म्हणजे खात्रीचा उपचार हातात आल्यावर अडतीस वर्षं कायद्याच्या पुस्तकात हा आजार संसार मोडायला पुरेसा होता.

आणि आपण महाराष्ट्राचे लोक. आपल्याकडे मनोहर दिवाणांचं दत्तपूर होतं, शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं, बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. या माणसांपुढे मान झुकते. पण आपण काय केलं? आनंदवनाच्या सहली काढल्या, तिथली भेटकार्डं विकत घेतली, डोळे पुसले आणि कुष्ठरोग त्या कुंपणाच्या आत ठेवून घरी आलो. एका वकिलाने वस्ती उभी केली म्हणून बाकी सगळ्यांची सुटका झाली. आशा कार्यकर्ती शोधमोहिमेत दारात येते तेव्हा आपल्या बायका हाताचे पंजे आणि चेहरा दाखवतात आणि ‘काही नाही’ म्हणून दार लावतात. पाठीवरचा चट्टा पाठीवरच राहतो.

आता पदवीकडे येतो. माझी पुतणी जी पदवी घेणार आहे तिचं पूर्ण नाव आहे एम.डी., डर्मटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रसी. त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. आद्याक्षरं डी.व्ही.एल. देशातल्या या डॉक्टरांच्या संघटनेच्या नावातही हे तिन्ही शब्द आहेत. पण कुठल्याही शहरातल्या मुख्य रस्त्यावर जाऊन पाट्या वाचा. ‘स्किन, हेअर अँड लेझर’. पहिला शब्द पाटीवर आहे. दुसरा कुठेतरी बारीक अक्षरात. तिसरा गायब, आणि त्याच्या जागी एल अक्षराचाच दुसरा शब्द येऊन बसलाय. लेप्रसी गेली, लेझर आलं.

मी लेझरच्या विरोधात नाही. भाजल्याचे व्रण, चेहऱ्यावरचे केस, मुरमांचे खड्डे यांनी माणसं खचतात. त्यावर उपचार करणं हेही वैद्यकच आहे. पण खासगी महाविद्यालयांत या शाखेच्या जागेबद्दल कोटींच्या भाषेत बोललं जातं. एवढे पैसे भरून आलेल्या डॉक्टरला पाटीवर तिसरा शब्द परवडत नाही. डॉक्टरला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकतो. पण ती पाटी वाचून आत जाणारे कोण असतात?

बाजार आपल्या घरातच आहे

माझ्या समाजबांधवांनो, आता आपल्याशीच बोलतो.

आपण व्यासपीठावरून सांगतो की इस्लाममध्ये रंगभेद नाही. पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशी होते, हे आपलं लहान मूलही सांगेल. पैगंबरांनी अखेरच्या प्रवचनात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असं बजावलं, ते आपण दरवर्षी ऐकतो. माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी आहे, असं सूरह रूममध्ये सांगितलं आहे. मग रिश्ता जमवायला बसलो की पहिला प्रश्न काय असतो? नमाज पढते का, शिकली किती, स्वभाव कसा, यांच्या आधी, हलक्या आवाजात : “गोरी है ना?” ज्याला आपण निशाणी म्हणतो, तीच आपण नापसंत करतो. आणि यात आपण एकटे नाही. शेजारच्या ब्राह्मण, मराठा, दलित, जैन घरांतही हाच प्रश्न असतो, फक्त शब्द वेगळे. पण त्यांना त्यांचे लोक सांगतील. मी आपल्याला सांगतो.

या प्रश्नावर बाजार उभा आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आलं. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कंपनीने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. ट्यूब तीच. ते तरी कंपनीचं होतं. गल्लीबोळांत विकली जाणारी बिनलेबलची क्रीमं त्याहून भयंकर. त्यातल्या काहींत पारा असतो. पारा त्वचेचा रंग उतरवतो आणि त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंड खराब करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण तपासले. त्यातले १३ गोरेपणाची क्रीमं लावणारे निघाले. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे. निकाहसाठी गोरं व्हायचं आणि मूत्रपिंड गमवायचं, हा सौदा आपल्या घरांत होतो आहे.

दुसरी गोष्ट स्टिरॉइडच्या मलमांची. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घोटलेलं मलम मिळतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, शिवाय तिथली कातडी उजळ दिसते. म्हणून तेच मलम चेहऱ्यालाही लावलं जातं. मग चेहऱ्यावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, केस येतात, कातडी कागदासारखी पातळ होते. सोडलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. आणि गजकर्णावर लावलं तर वरून बरं दिसतं, खाली बुरशी फोफावते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर दमट उकाड्यात बारा बारा तास घामाने निथळत उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारा. कमरेपासून मांडीपर्यंत गजकर्ण, घरात सगळ्यांना तेच, टॉवेल एक, ट्यूब एक. सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकलं. त्यासाठी झगडणाऱ्यांत त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही होती, हे मान्य केलं पाहिजे. पण आमच्या चौकात आजही चिठ्ठी कुणी विचारत नाही. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका गजकर्णाच्या बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी वेगळं नाव दिलं : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्यात आपल्या देशाचं नाव आहे. असाही मान मिळतो.

मित्रा, तू ज्याला श्रीमंतांच्या चेहऱ्याचं मलम म्हणालास, ते हे आहे. गंमत अशी की हेच स्टिरॉइड गोळ्यांच्या रूपात, जाणत्या डॉक्टरच्या हातून, वेळेत मिळालं तर कुष्ठरोगात सुजलेली नस वाचते. त्या बाईची बोटं कदाचित वाचली असती. ज्याने वाचवायचं ते तिला मिळालं नाही आणि ज्याने बिघडवायचं ते वीस पावलांवरच्या दुकानात मिळालं.

आणखी एक. वैद्यकाची पुस्तकं बरीचशी गोऱ्या देशांत लिहिली गेली. ‘त्वचा लाल होते’ असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली लाल दिसत नाही. जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसते. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयातल्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला हेच खटकलं. सगळी लक्षणं गोऱ्या त्वचेवर शिकवतात, माझ्यासारख्याच्या त्वचेवर ती कशी दिसतील, असं त्याने विचारलं आणि २०२० मध्ये शिक्षकांच्या मदतीने ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली. विद्यार्थ्याची प्रेरणा म्हणतात ती ही. त्याने सेवा शब्द वापरला नाही. त्याने प्रश्न विचारला.

ते पत्र

आता तिसरा माणूस. तो मी.

माझ्या फुफीला कोड होतं. ओठांवर, बोटांच्या टोकांवर पांढरे डाग. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. शरीराचीच संरक्षक यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तिथला रंग जातो. संवेदना जात नाही, नस जात नाही, कुणाला लागण होत नाही. पण तेव्हा कोण सांगणार? निकाहनंतर चार महिन्यांत डाग वाढले. नवऱ्याने ‘महारोगीण आहे’ म्हणून तलाक दिला. त्याला कायद्याचं कलम शोधायची गरजच नव्हती. ती आमच्या घरी आली आणि मरेपर्यंत राहिली. अख्ख्या मोहल्ल्याचे कपडे तिने शिवले. तिच्या हातचं शिवलेलं सगळ्यांना चालायचं, तिच्या हातची रोटी चालायची नाही. ईदला ती स्वतःहून चुलीपासून लांब बसायची. माझी पुतणी लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची. त्या डागांवर बोट ठेवून विचारायची, “इथे चांदणं सांडलं का?” फुफी तिला हो म्हणायची.

हे सगळं पाहून मोठा झालेला, सुधारणेवर भाषणं देणारा मी. बऱ्याच वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी एक मुलगी पाहायला आम्ही गेलो. शिकलेली, बोलायला नीट. चहा ठेवताना तिच्या घोट्यापाशी रुपयाएवढा पांढरा डाग अम्मीला दिसला. घरी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझं लिहिणं चांगलं. नकाराचं पत्र मी लिहिलं. ‘मुलाला अद्याप पुढे शिकायचे असल्याने’ वगैरे. सुंदर पत्र होतं. त्यात डागाचा उल्लेख नव्हता. फुफी आतल्या खोलीत मशीन चालवत होती. पत्राचा विषय तिला कळला होता की नाही, मला माहीत नाही. मशीन थोडा वेळ थांबलं होतं, एवढं आठवतं.

म्हणून पुतणीचा अर्ज तपासायला बसलो तेव्हा मला माझंच जुनं अक्षर दिसलं. चांगल्या भाषेत खोटं लिहिण्याची कला आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाली. ती तिने पुढे चालवू नये, एवढंच मला वाटलं.

तिने अर्ज पुन्हा लिहिला. तीनशे शब्द भरले नाहीत. रात्री झोप मिळावी म्हणून ही शाखा हवी, असं पहिलंच वाक्य. मग भाकरी थापता न येणारी बाई. मग दादीफुफी. शेवटी एक ओळ : ‘माझ्या पदवीत तीन शब्द आहेत आणि मला तिन्ही शिकायचे आहेत.’ संस्थेकडून अजून काही कळलेलं नाही.

काल तिने मला विचारलं, “चाचा, उद्या मी दवाखाना काढला आणि पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं, तर कोण येईल? ज्याला साधी खाज आहे तोही लोक काय म्हणतील म्हणून येणार नाही. कुष्ठरोगी तर मुळीच येणार नाही. पाटीवर लिहू की नको?”

मी तिला उत्तर देऊ शकलो नाही, कारण ते तिच्याकडे नाहीच. ते आपल्याकडे आहे. अंगावर फिकट, मुका चट्टा असेल, चिमटा काढला तरी कळत नसेल, तर तो सरकारी दवाखान्यात दाखवा. आज दाखवा. चेहऱ्यावरची चिठ्ठीशिवायची ट्यूब डॉक्टरला दाखवून सोडा. रिश्त्याच्या बैठकीत रंगाचा प्रश्न आला तर त्या माणसाचा चहा थंड होऊ द्या. आणि खालाजान, तुमच्या सुनेला काही झालेलं नाही.

पुतणी पाटी लावील. तिच्या अंगात ते धाडस आहे, मी ओळखतो तिला. त्या पाटीखालून, भर दिवसा, शेजारी बघत असताना, आत जाण्याचं धाडस आपल्यात आहे का, ते तेवढं ठरवा.